शांत ससा म्हणजे निरोगी ससा? – शामक औषधं, वाढ आणि आरोग्य



आठवी ते दहावीच्या विज्ञानात आपण चेतासंस्था, पचनसंस्था, संप्रेरकं आणि औषधं हे घटक वेगवेगळे शिकवतो. मुलंही ते वेगवेगळे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. हे सगळे घटक एका धाग्यात ओवायचे असतील तर वर्गात एकच प्रश्न टाकून बघा:

"मांसासाठी पाळलेल्या सशांना शांत ठेवणारं औषध खाद्यातून दिलं, तर ते लवकर वाढतील का?"

बहुतेक मुलं "हो" म्हणतात. कारण विचारलं तर सांगतात, "ससा घाबरट असतो सर. शांत बसला तर ऊर्जा वाचेल आणि वजन वाढेल." हे उत्तर मुळीच वेडगळ नाही. १९५० च्या दशकात शामक औषधं नवी होती, तेव्हा अमेरिकेतल्या पशुसंशोधकांनीही हाच तर्क केला होता आणि मेंढ्या, गुरं, कोंबड्या यांच्या खाद्यात अशी औषधं घालून पाहिली होती. तर्क बरोबर होता की चूक, हे ठरवण्यासाठी आधी ससा समजून घ्यायला हवा.

१. ससा वाढतो कसा?

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत न्यूझीलंड व्हाइट ही सर्वांत परिचित जात. आपल्याकडे सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट, व्हाइट जायंट याही जाती पाळल्या जातात. मादी साधारण ३१ दिवस गाभण राहते. जन्मलेलं पिल्लू ५०-६० ग्रॅमचं, केस नसलेलं आणि डोळे मिटलेलं असतं. डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. चार-पाच आठवड्यांनी पिल्लं आईपासून वेगळी करतात आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास चांगल्या संगोपनात ती दोन किलोपर्यंत पोचतात. म्हणजे तीन महिन्यांत जन्माच्या वजनाच्या तीस-चाळीस पट! हा आकडा फळ्यावर लिहा. मुलांचे डोळे विस्फारतात.

एवढ्या वेगाने वाढायचं तर पोटाचं यंत्र अखंड चालू हवं. सशाचं पचन गाईसारखं नाही आणि आपल्यासारखंही नाही. त्याच्या पोटात अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. आपल्याकडे त्या जागी लहानसं टोक उरलं आहे. सशात मात्र ती पिशवी पोटातला सर्वांत मोठा अवयव आहे. तिथे जिवाणू चाऱ्यातला तंतू आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा गुदद्वारातूनच तोंडात घेऊन पुन्हा खातो. मुलं "ई" करतात. करू द्या. मग सांगा, की या मऊ लेंड्यांत प्रथिनं आणि ब-जीवनसत्त्वं असतात आणि त्या खाणं सशाच्या पोषणाचाच भाग आहे. आपण पिंजऱ्याखाली पाहतो त्या कडक लेंड्या वेगळ्या.

याशिवाय तीन गोष्टी मुलांच्या वहीत असाव्यात.

एक, ससा दिवसभरात (खरं तर जास्त करून संध्याकाळी आणि रात्री) वीस-तीस वेळा थोडंथोडं खातो. त्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, नाहीतर अडकतं.

दोन, त्याचे दात आयुष्यभर वाढतात. चघळणं थांबलं की दात झिजणंही थांबतं.

तीन, मादी पिल्लांना साधारण दिवसातून एकदाच पाजते आणि तेही तीन-चार मिनिटं. ती एक वेळ चुकली की पिल्लाला पुढचे चोवीस तास उपाशी राहावं लागतं.

आता वर्गाला विचारा: या प्राण्याला गुंगी आली तर यातलं काय काय बिघडेल? बरीचशी उत्तरं मुलं स्वतःच शोधतात.

२. मग भीतीचं काय?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ससा हा शिकार होणारा प्राणी. कुत्र्याचं भुंकणं, मोठा आवाज, कान धरून उचलणं, अनोळखी पिंजरा, टेम्पोतला प्रवास या सगळ्याने त्याच्या शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. हृदय तसंच मिनिटाला १८० ते ३०० वेळा धडधडत असतं, ते आणखी वेगाने धडधडतं. रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्याची हालचाल मंदावते. भीती वारंवार वाट्याला आली तर खाणं कमी होतं, रोगप्रतिकारशक्ती उतरते आणि वाढ खुंटते.

उन्हाचंही तसंच. सशाला घाम जवळजवळ येत नाही, जास्तीची उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. १५ ते २५ अंश तापमान त्याला मानवतं. ३० च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो. विदर्भ-मराठवाड्यातला ४२ अंशांचा मे महिना सशासाठी किती कठीण असेल याची कल्पना करा.

म्हणजे "ताण वाढ खुंटवतो" हे मुलांच्या तर्कातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. "म्हणून औषध द्या" हे दुसरं वाक्य तपासायचं आहे.

३. सर्पगंधा ते ससा

तपासण्यासाठी एकच औषध घेऊ, कारण त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती. तिचं मूळ झोप न येणं, डोकं भडकणं अशा तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जात होतं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या शामक आणि रक्तदाब उतरवणाऱ्या गुणांबद्दल लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पिन.

रिसर्पिन दिलेली जनावरं शांत होतात हे लगेच लक्षात आलं. पण शांत होतात म्हणजे नेमकं काय होतं? इथे ससा गोष्टीत येतो.

आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायनं वापरतात: नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामिन, सेरोटोनिन. ही रसायनं पेशीत बारीक पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. रिसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. साठा संपत जातो. निरोप द्यायची इच्छा असूनही पेशीकडे शाई उरत नाही, असं मुलांना सांगितलं तर पटकन कळतं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या लुंड इथे आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आणि सशांना रिसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी थिजल्यासारखे बसले. कान पडलेले, पापण्या मिटत आलेल्या, हालचाल नाही. मग त्यांना एल-डोपा टोचलं. एल-डोपापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून कान टवकारून बसले. मेंदूत डोपामिन स्वतंत्रपणे काम करतं हे कळायला या प्रयोगाने मोठी मदत केली. पुढे कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना एल-डोपा देणं सुरू झालं, ते आजही चालू आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या प्रश्नासाठी या गोष्टीचा अर्थ काय? रिसर्पिन दिलेला ससा "समाधानी" झालेला नव्हता. त्याला हलताच येत नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: ससा कोपऱ्यात गप्प बसलाय. आतून मात्र एक ससा निवांत आहे आणि दुसऱ्याच्या मेंदूतली शाई संपली आहे. हा फरक आजच्या पाठाचा गाभा आहे.

४. औषधाचा परिणाम पोटापर्यंत

शामक औषध फक्त मेंदूत जात नाही, ते रक्तातून सगळीकडे जातं. रिसर्पिनचे ज्ञात परिणाम पाहा: हृदयाची गती मंदावते, रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान खाली येतं, जुलाब होतात. दूध तुटलेल्या कोवळ्या पिल्लाला जुलाब म्हणजे जिवावरचं दुखणं. त्या वयात अंधांत्रातल्या जिवाणूंची घडी नीट बसलेली नसते.

दुसऱ्या गटातली औषधं आतड्याला उलट मंदावतात. अफूपासून बनणारी औषधं त्यातली. सशाचं आतडं मंदावलं की तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. चक्र सुरू होतं. वायू धरतो, अंधांत्रातले चांगले जिवाणू मरतात, वाईट माजतात. म्हणूनच पशुवैद्य सांगतात, की बारा तासांहून अधिक काळ ससा खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

शस्त्रक्रियेसाठी किंवा दात घासण्यासाठी पशुवैद्य सशाला गुंगी देतात. तिथे ती आवश्यक असते, आणि तिथेही खूप काळजी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये हजारो प्राण्यांची नोंद ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिल्यानंतर मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळलं. टक्केवारी शिकवताना हे उदाहरण घ्या. कुत्र्यांत साधारण ६०० मध्ये एक, सशांत ७२ मध्ये एक. शुद्धीवर आल्यावर सशाला ऊब द्यायची आणि लवकरात लवकर खायला लावायचं, हा पशुवैद्यांचा नियम का आहे ते आता मुलंच सांगतील.

५. गाभण मादी आणि न जन्मलेली पिल्लं

"वाढ" म्हटलं की आपण जन्मानंतरची धरतो. पण सर्वांत वेगवान वाढ आईच्या पोटात होते. इथे सशाने माणसाला एक फार महागडा धडा दिला आहे.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं आणि शामक औषध बाजारात आलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना भरमसाट मात्रा देऊनही ते मरत नव्हते, म्हणून ते अगदी निर्धोक मानलं गेलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. गरोदर बायकाही मळमळीवर आणि झोपेसाठी ते घेऊ लागल्या. पुढच्या काही वर्षांत हात-पाय आखूड किंवा नसलेलेच अशी दहा हजारांहून अधिक बाळं जगभरात जन्मली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोक्याची घंटा वाजवली आणि त्याच नोव्हेंबरात जर्मनीतून औषध मागे घेतलं गेलं. अमेरिकेत मात्र अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी "पुरावा पुरेसा नाही" म्हणत परवानगी अडवून धरली होती.

१९६२ मध्ये न्यूझीलंड व्हाइट जातीच्या गाभण सशांना हे औषध दिलं तेव्हा पिल्लांमध्ये माणसाच्या बाळांसारखीच व्यंगं दिसली. उंदीर-घुशींमध्ये ती सहजी दिसत नव्हती. तेव्हापासून गर्भावरचा परिणाम तपासताना एक कृंतक प्राणी आणि एक वेगळ्या गटातला प्राणी, बहुधा ससा, अशा दोन जातींवर चाचणी करण्याची रीत रुजली. (ससा कृंतक नाही हेही इथेच सांगून टाका. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात असतात.)

उलट उदाहरणही आहे. बेलाडोना या विषारी झाडाची पानं काही ससे खाऊन पचवतात, कारण त्यातलं अ‍ॅट्रोपिन फोडणारं विकर त्यांच्या शरीरात असतं. तीच पानं माणसाच्या जिवावर बेततात. म्हणजे "अमुक प्राण्याला चाललं" हे वाक्य पुरेसं नाही. कोणत्या प्राण्याला, कोणत्या वयात, किती मात्रेत आणि किती दिवस, हे चार प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे.

६. प्रयोग कागदावर मांडू या

आता मुलांना प्रयोगाची आखणी करायला लावा. फक्त कागदावर. जिवंत प्राण्यांवर औषधाचा प्रयोग शाळेत करायचा नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे आणि तिच्या नियमांबाहेर कुणालाच ते करता येत नाहीत.

समजा, दूध तुटलेली ४० पिल्लं आहेत, प्रत्येकी ६०० ग्रॅमची. चिठ्ठ्या टाकून २०-२० चे दोन गट केले. गट अ ला साधं खाद्य, गट ब ला तेच खाद्य आणि शामक औषध. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. खालचे आकडे काल्पनिक आहेत, गणितासाठी बनवलेले.

गट अ: १ पिल्लू मेलं, १९ उरली. उरलेल्यांचं सरासरी वजन १८०० ग्रॅम. वाढ १२०० ग्रॅम, रोज सुमारे २८.६ ग्रॅम.

गट ब: ३ पिल्लं मेली, १७ उरली. उरलेल्यांचं सरासरी वजन १८६० ग्रॅम. वाढ १२६० ग्रॅम, रोज ३० ग्रॅम.

मुलांना विचारा, कोणता गट जिंकला? घाईत सगळे "ब" म्हणतील. आता गुणाकार करायला सांगा. अ: १९ × १२०० = २२.८ किलो. ब: १७ × १२६० = २१.४२ किलो. एकूण वाढ अ गटातच जास्त! शिवाय ब गटातली मेलेली पिल्लं बहुधा मुळातच अशक्त असणार. ती सरासरीतून गळाली म्हणून सरासरी वर गेली. औषधाने वाढ झालीच असेल असंही नाही. "उरलेल्यांची सरासरी" किती फसवी असते हे मुलांच्या कायम लक्षात राहतं.

आणखी एक मेख. औषध दिलेले ससे कमी वाढले, तर दोष औषधाच्या विषारीपणाचा की कमी खाण्याचा? हे ओळखायला संशोधक तिसरा गट घेतात. ब गटाने काल जेवढं खाल्लं तेवढंच खाद्य क गटाला आज द्यायचं, पण औषधाशिवाय. क आणि ब सारखेच वाढले तर कारण भूक कमी होणं. ब त्याहूनही मागे पडला तर औषधाचा वेगळा घाव आहे. किती साधी युक्ती, पण प्रश्नाचे दोन तुकडे स्वच्छ वेगळे होतात.

मोजायचं काय याचीही यादी करून घ्या: आठवड्याचं वजन, रोजचं खाद्य, एक किलो वाढीला लागलेलं खाद्य, लेंड्यांचा आकार आणि संख्या, शरीराचं तापमान, मृत्यू, शेवटी यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी. वजन करणाऱ्याला कोणता ससा कोणत्या गटातला हे माहीत नसावं. का, ते मुलांना सांगू द्या.

७. प्रत्यक्षात काय झालं?

सुरुवातीला उल्लेख केलेल्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत कुठे वजनात थोडी वाढ दिसली, कुठे काहीच नाही, कुठे घट. भरवशाचा फायदा हाती लागला नाही आणि वाढीसाठी शामक औषधं खाऊ घालण्याची पद्धत टिकली नाही. ठरावीक कामांसाठी मात्र ती वापरात राहिली. उदाहरणार्थ, अनोळखी डुकरं एकत्र केल्यावर मारामारी होऊ नये म्हणून अ‍ॅझापेरोन, किंवा टर्की पक्ष्यांत महाधमनी फुटून होणारे मृत्यू टाळण्यासाठी रिसर्पिन.

पण खाणाऱ्याचाही प्रश्न आहे. कत्तलीआधी दिलेलं औषध मांसात, विशेषतः यकृत-मूत्रपिंडात उरू शकतं. म्हणून औषध दिल्यापासून कत्तलीपर्यंत किती दिवस जायला हवेत हे ठरवलेलं असतं. क्लोरप्रोमाझीन या शामक औषधाची तर सुरक्षित मर्यादाच ठरवता येत नाही म्हणून युरोपीय संघाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सर्व प्राण्यांत त्यावर बंदी घातली आहे.

मग घाबरट सशाचं करायचं काय? उत्तर साधं आहे आणि औषधाच्या दुकानात मिळत नाही. पिंजऱ्यात लपायला एक खोका. दिवसभर पुरेल एवढा वाळलेला चारा. उन्हाळ्यात सावली, ओलं गोणपाट, गार पाणी. कुत्र्या-मांजरांपासून आडोसा. कान न धरता, मागच्या पायांना आधार देऊन उचलणं. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने खाद्य घालणं. भीती झोपवण्यापेक्षा भीतीचं कारण काढलेलं बरं. असा ससा शांत होतो, खातो आणि वाढतो.

८. सशापासून आपल्या घरापर्यंत

पालकहो, हा पाठ तुमच्यासाठीही आहे.

१९२० च्या दशकातली गिरणगावातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. कापडगिरणीत काम करणारी बाई पहाटे घर सोडायची. तान्हं मूल चाळीतल्या खोलीत, म्हातारीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या हवाली. ते रडू नये म्हणून त्याला बाळगोळी दिली जायची. त्या गोळीत अफू असायची. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालानेही या प्रथेची दखल घेतली.

मूल शांत झोपायचं. पण भूक लागल्यावर रडणं हीच तान्ह्या बाळाची भाषा असते. गुंगीतलं मूल रडत नाही, म्हणून त्याला कुणी पाजत नाही. आतडी मंदावतात, श्वास मंदावतो, वजन वाढत नाही. सशाच्या पोटाबद्दल वर जे वाचलं तेच इथे आहे, फक्त पिंजऱ्याच्या जागी पाळणा आहे.

त्या आयांना दोष देणं सोपं आहे आणि चूक आहे. दहा-दहा तास उभं राहून काम करणाऱ्या बाईपुढे दुसरा पर्याय काय होता? गोळी सुटण्यासाठी गिरणीत पाळणाघर हवं होतं. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया काम करत असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. इथेही कारण काढणं हाच उपाय होता.

आज बाळगोळी गेली, पण मोह गेलेला नाही. रात्रीच्या बसप्रवासात मूल झोपावं म्हणून सर्दीचं किंवा उलटीचं सिरप "थोडंसं" पाजणं अनेक घरांत चालतं. अशा सिरपांत प्रोमेथाझीनसारखी गुंगी आणणारी औषधं असू शकतात. श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या घटनांमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझीन देऊ नये असा ठळक इशारा औषधावर छापायला लावला. बालरोगतज्ज्ञाने कारण पाहून, वजन पाहून दिलेलं औषध वेगळं. शेजारणीने सांगितलं म्हणून, किंवा मागच्या वेळची बाटली उरलीय म्हणून दिलेलं औषध वेगळं. मूल झोपवण्यासाठी औषध देऊ नका. ते का झोपत नाही, हे आधी शोधा: भूक आहे का, कान दुखतोय का, उकडतंय का, जागा नवी आहे का.

आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात मागच्या बाकावर एखादं मूल अगदी शांत असतं. त्याचा त्रास नाही म्हणून आपण खूश असतो. कधीतरी त्याच्या शेजारी बसून बघा, ते निवांत आहे की फक्त गप्प आहे.

वर्गासाठी प्रश्न आणि उपक्रम

१. सशाच्या आणि माणसाच्या अंधांत्राची आकृती शेजारीशेजारी काढा. आकारातल्या फरकाचं कारण आहाराशी जोडा.

२. रिसर्पिन दिलेला ससा एल-डोपा दिल्यावर उठून बसला. यावरून काय सिद्ध होतं आणि काय सिद्ध होत नाही? (हालचालीतला डोपामिनचा सहभाग दिसतो. पण औषधाचे पोटावरचे परिणाम गेले असं त्यावरून म्हणता येत नाही.)

३. वरच्या काल्पनिक प्रयोगात ब गटातली मेलेली तिन्ही पिल्लं मुळात अशक्त होती असं कळलं. तुमचा निष्कर्ष बदलेल का? का?

४. "उंदरांवर तपासलं आहे, म्हणून सुरक्षित आहे." या जाहिरातीला विचारायचे चार प्रश्न लिहा.

५. घरातल्या औषधांच्या डब्यातली सर्दी-खोकल्याची बाटली पालकांसोबत पाहा. घटकांची नावं, वयाची अट आणि मुदत संपण्याची तारीख वहीत उतरवा. गुंगीबद्दल काही सूचना छापली आहे का ते शोधा. हा उपक्रम पालकांच्या देखरेखीखालीच करावा.

६. गावात कुणी ससे, कोंबड्या किंवा शेळ्या पाळत असतील तर त्यांना भेटा. जनावर घाबरू नये म्हणून ते काय काय करतात, याची यादी करा. ही यादी वर्गात वाचून दाखवा आणि त्यातल्या प्रत्येक उपायामागचं विज्ञान शोधा.

हा पाठ दोन तासिकांत बसतो. पहिल्या तासिकेला ससा, भीती आणि औषधाची गोष्ट, दुसऱ्या तासिकेला गणित आणि चर्चा. सुरुवातीला "हो" म्हणणाऱ्या मुलांचे हात मोजून ठेवा आणि शेवटी तोच प्रश्न पुन्हा विचारा. किती हात खाली राहिले याहून, ज्यांनी मत बदललं ते कारण काय देतात, ते नीट ऐका.